फ्रान्सच्या वाटेवर, अकोल्यापर्यंत

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार निदान इच्छित स्थळी पोहोचलेल्या माणसाला असावा, हा संकेत मला मान्य आहे. मी तो मोडते आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. मी फ्रान्सला निघाले होते आणि अकोल्यापर्यंत गेले. अमरावती ते अकोला या अंतरावर आजवर कोणी प्रवासवर्णन लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि ज्यांनी लिहिले नाही त्यांनी शहाणपणाच केला असे मला वाटते. शिवाय मी लेखिका नाही. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, वय सेहेचाळीस आहे, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सोडल्या तर माझे काही छापून येण्याची ही पहिलीच खेप आहे. वाचकांचा वेळ वाया गेला तर तो दोष माझाच समजावा.

फ्रान्स कोठून आले ते आधी सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी ग्रंथालयात एका इंग्रजी पुस्तकात मी एका फ्रेंच दरीतल्या तंट्याविषयी वाचले. मध्ययुगात तेथील एक मठ आणि एक खेडे यांच्यात कुरणावरून वाद होता. कोणाच्या गुरांनी कोठे आणि केव्हा चरावे, एवढाच तो प्रश्न. पण तो कित्येक पिढ्या चालला. पुस्तकाने त्याला दीड पान दिले होते. मला ते दीड पान पुरले नाही. म्हणून मी फ्रेंच शिकू लागले, संगणकावरच्या वर्गात, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले. मग एका छोट्या फ्रेंच शहरातील विद्यापीठात मध्ययुगीन ग्रामीण इतिहासाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे असे कळले. मी अर्ज केला आणि मे महिन्यात मुलाखतीचे बोलावणे आले. इथपर्यंतचा प्रवास मी एकटीने, खुर्चीत बसून केला होता व तो अत्यंत सुखाचा झाला. त्यापुढे माणसे लागली.

अमरावती

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने मला परदेशी शिक्षणाच्या एका सल्लागाराकडे धाडले. हे कार्यालय एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर होते. जिन्यात चपलांचा ढीग, भिंतीवर आयफेल टॉवर, आणि टॉवरखाली पिण्याच्या पाण्याचा जार. सल्लागार तिशीचा होता आणि त्याच्या बोलण्यात जमिनीचे प्लॉट विकणाऱ्याची ऊब होती.

"कोणासाठी पाहून राहिले मॅडम? मुलगा का मुलगी?"

"माझ्यासाठी."

त्याने माझ्या मागे पाहिले. कोणी नाही याची खात्री झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे एमबीए?"

"इतिहास. मध्ययुगीन."

"इतिहास तर आपल्याकडेच लय हाये मॅडम," तो सहानुभूतीने म्हणाला. "हॉटेल मॅनेजमेंट करा. त्यात वय चालते. पण कावून इतिहास?"

मी दीड पानाविषयी सांगण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात त्याला उत्तर सापडलेही होते. "समजलं. तिकडंच राहाचं हाये. सरळ सांगा ना मॅडम, लाजता कशाले? आमच्याकडं येनारे सारे त्यासाठीच येते." मग आवाज खाली आणून त्याने मला व्यवसायातले गुपित दिले. "फक्त कारण भारी पाहिजे. साधं कारण सांगतलं का थे लोक नाही म्हनते."

मी त्याचे आभार मानून खाली आले. चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल सापडली, दुसरी कोणा होतकरू अभियंत्याच्या पायात निघून गेली होती. अनवाणी पायाने रिक्षा शोधताना मला प्रथमच वाटले की परदेशगमनास प्रारंभ झाला.

शिक्षक कक्षात मात्र माझे जाणे ठरूनच गेले. मुलाखत म्हणजे केवळ मुलाखत, हे मी सांगून पाहिले. त्याचे फळ एवढेच मिळाले की दुपारी माझ्याकडून सर्वांना गिला वडा वसूल करण्यात आला. गिला वडा हा अमरावतीचा अभिमान. उडदाचा वडा दह्यात बुडवून त्यावर तिखट चटणी घालतात, आणि तो खाताना आमच्या प्राध्यापकवर्गाच्या बुद्धीला विशेष धार येते. एकाने फ्रान्समध्ये वडे मिळत नाहीत अशी माहिती दिली. दुसऱ्याने मला तेथे राजीव, संजीव असे कोणी भेटल्यास त्याचा नमस्कार सांगावयास सांगितले, कारण त्याचा एक वर्गमित्र "युरोपातच कुठंतरी" होता. मी का जाते आहे हे सर्वांनी विचारले. सर्वांनी परस्पर सांगितलेही. एकाच्या मते मला घर बदलण्याची गरज होती, दुसऱ्याच्या मते मी लग्न न केल्यामुळे हे होते. वडे संपले तेव्हा चर्चाही संपली.

अचलपूर

आमच्याकडे लांब जायचे झाले की वडीलधाऱ्यांना सांगून यावे लागते. फोनवर सांगितलेले जमेस धरत नाहीत. स्वतः जायचे, पाया पडायचे, पोटभर जेवायचे आणि जाण्याविषयीची त्यांची मते ऐकून घ्यायची, असा हा विधी आहे. वास्तविक तो जाणे निश्चित झाल्यावर करतात. पण अकोल्याला असणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, सर्वत्र कळवून ठेवल्यामुळे मला निश्चितीची वाट पाहता आली नाही. म्हणून मी बसने अचलपूरला मामांकडे गेले.

मामांची संत्र्याची बाग आहे. उन्हात झाडे तहानलेली उभी होती आणि मामा त्यांच्यात खाटेवर पडले होते. मामींनी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे लावले होते. रोडगा म्हणजे जाड कणकेचा गोळा. तो भाजून, फोडून, तुपात बुडवून वांग्याच्या झणझणीत भाजीशी खातात. ते अन्न उत्तम होते हे मी नाइलाजाने नोंदवते, कारण त्यानंतर जे झाले ते माणूस सुस्तावल्यामुळेच झाले.

"कावून चालली व पोरी?" मामांनी विचारले.

"शिकण्यासाठी, मामा."

"तू त मास्तरीन हायेस. तुले आता कोन शिकवते?" माझ्या पुस्तकी बोलण्याची त्यांना आधीपासून गंमत वाटते, म्हणून त्यांनी माझी नक्कल केली. "शिकन्यासाठी, मामा."

मी त्यांना मठ आणि कुरण यांची हकिकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

"म्हंजे गवताचं भांडन."

"हो."

"अन् थे पाहाले तू विमानानं जानार. आपल्या धुऱ्यावरून शेजाऱ्यासंग माहं भांडन जवानीपासून चालू हाये, थे लिहून काढ ना. जेवनही भेटन."

धुरा म्हणजे शेताची सीमा. मामांचा तो वाद सर्व नातलगांना पाठ आहे. मामी हसल्या नाहीत. माझ्या पानात दुसरा रोडगा फोडत त्या गंभीरपणे म्हणाल्या, "वैजू, असं गवताचं नको सांगत जाऊ. लोक हासतीन. कापसाचं शिकाले चालली म्हनजो. इथं कापूस होते, तिकडं कापड होते. लोकाले समजते."

"पण मामी, ते खरे नाही."

"कोन पाहाले येते?"

माझे तोंड रोडग्याने भरलेले होते, म्हणून मी फक्त मान हलवली. ती मान नकाराची होती. वऱ्हाडात तूप वाढले जात असताना हलवलेली प्रत्येक मान होकाराचीच धरतात, हे मी विसरले. मी बसमध्ये बसण्यापूर्वी मामींनी ताईला फोन केला होता.

अकोला, पहिला मुक्काम

अकोल्याच्या मे महिन्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तेथे दुपारी रस्त्यावर केवळ कुत्री, पोलीस आणि माझ्यासारखे पाहुणे असतात. मुलाखत मी ताईच्या घरी देण्याचे ठरवले होते, कारण अमरावतीत आमच्या गल्लीत रस्ता खोदताना इंटरनेटची तार तोडून ठेवलेली होती. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, बाजार समितीतून निवृत्त झालेले आहेत आणि आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. दारातच त्यांनी माझे स्वागत केले.

"या. कापसाच्या डॉक्टरीनबाई."

मी ताईकडे पाहिले. ताई म्हणाली, "साऱ्यायले सांगून ठेवलं मी. लय नाव झालं तुहं."

दिवाणखान्यात सर्वांत मोठा कूलर होता, म्हणून मुलाखत तेथेच व्हावी असे ठरले. आणि कूलरच्या आवाजात बोलणे ऐकू येणार नाही असे ध्यानात आल्यावर तो बंद करण्यात आला. कूलर बंद झाला म्हणून कोणी उठून गेले असे मात्र झाले नाही. उलट घरादाराने एवढा त्याग केल्यावर मुलाखत पाहणे हा सर्वांचा हक्कच झाला. भाऊजी, ताई आणि भाऊजींचे दोन स्नेही कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ओळीने बसले आणि उपरण्यांनी वारा घेऊ लागले. फ्रेंच कोणालाही येत नव्हते. त्यामुळे सूचना देण्यात कसलीही अडचण नव्हती.

"कापूस सांगजो," भाऊजी म्हणाले. "कापूस म्हनलं का कोनी नाही म्हनत नाई."

पडद्यावर दोन व्यक्ती आल्या. एक तरुण प्राध्यापक, जो सबंध वेळ काहीतरी लिहीत होता, आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई, ज्यांनी मे महिन्यात लोकरी स्वेटर घातला होता. भाऊजींचा एक स्नेही तो स्वेटर पाहून पुटपुटला, "बाप्पा." प्रारंभीचे प्रश्न सोपे होते. मी बरी बोलत होते, चुका करीत होते, सुधारत होते. मग त्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "हे सर्व ठीक. पण तुम्हाला हे का शिकायचे आहे? तुम्हाला, स्वतःला?"

आणि त्या थांबल्या.

हा प्रश्न मला गेले दोन आठवडे रोज विचारला जात होता. त्याची मला सवय झाली होती. विचारणाऱ्यानेच उत्तर द्यायचे असते, हीदेखील मला सवय झाली होती. ही बाई काही बोलेना. तरुण प्राध्यापकाने लिहिणे थांबवले. दिवाणखान्यात उपरणी फडफडत होती. डाव्या बाजूने भाऊजींचा दबलेला आवाज आला, "कापूस, कापूस."

मी कापूस म्हणाले. फ्रेंचमध्ये तो शब्द 'कोतों' असा काहीसा आहे आणि भाऊजींना तो ओळखू आला असावा, कारण त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यानंतर मी वऱ्हाडचा कापूस, काळी जमीन, युरोपातल्या गिरण्या आणि आमच्या भागाचा विकास यांवर भाषण केले. माझे व्याकरण इतके निर्दोष पूर्वी कधी नव्हते आणि पुढे कधी होईल असे वाटत नाही. बाईंनी ते सर्व ऐकले, मग समोरचे कागद पाहिले.

"पण तुमच्या अर्जात कुरणांविषयी आहे," त्या म्हणाल्या. "त्या दरीत त्या काळी कापूस नव्हता."

"नव्हता."

"मग या दोहोंचा संबंध?"

"तो संशोधनातून स्पष्ट होईल," मी म्हणाले. हे वाक्य मी अनेक परिसंवादांत ऐकले आहे. आमच्याकडे त्यावर चहा येतो. त्या बाईंनी केवळ चष्मा परत घातला आणि आभार मानले.

पडदा काळा होताच कूलर सुरू झाला आणि पन्हे आले.

"पास," भाऊजींनी निकाल दिला.

"निकाल अजून दोन आठवड्यांनी आहे, भाऊजी."

"थे त कागदी काम हाये. बाई कशी मान हालवत होती, पाहिलं ना मी."

"ती मान निराळी होती."

"मान मान असते." त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "ऐक. मंडळाचं स्नेहसंमेलन हाये जूनमधी. हॉल भेटला हाये, पाहुनेही भेटले हायेत, अन् सत्काराले मानूस नाई. यंदा दहावीतही कोनी मेरिट आलं नाई. तुहा सत्कार ठेवू."

"भाऊजी, प्रवेश मिळालेला नाही."

"तवरिक भेटन. पाहुने दुसऱ्या तारखेले मोकये नाईत."

एवढ्या मोठ्या घरात या युक्तिवादातली उणीव माझ्याखेरीज कोणाला दिसली नाही. मलाही ती नीट मांडता आली नाही. मी भिडस्त आहे हे लोक सद्गुण म्हणून सांगतात. ती किती महागडी सवय आहे ते जवळून पाहणाऱ्यालाच कळते.

अकोला, दुसरा मुक्काम

जूनमध्ये मी पुन्हा अकोल्याला गेले. निकाल आला नव्हता. चौकात फ्लेक्स मात्र आला होता. त्यावर एका बाजूला आयफेल टॉवर, दुसऱ्या बाजूला कापसाचे बोंड आणि मध्ये मी, ज्या छायाचित्रातून मला कापले होते त्यातल्या शेजारणीच्या खांद्यासह. खाली 'कापूस संशोधनासाठी फ्रान्स सरकारकडून निवड' असे लिहिले होते. भाऊजींचे छायाचित्र माझ्यापेक्षा मोठे होते आणि ते योग्यच होते, कारण या सर्व कार्यात परिश्रम त्यांचे होते.

हॉलमध्ये माझ्या गळ्यात हार, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ देऊन मला मोठ्या खुर्चीत बसवले. प्रमुख पाहुणे बोलत होते. ते पूर्वी एका सहलीबरोबर सहा देश पाहून आले होते आणि प्रत्येक देशात त्यांना स्वच्छता आढळली होती. त्यांच्या चौथ्या देशाच्या सुमारास माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. नारळ सांभाळत मी तो काढला.

नकार देण्यासाठी फ्रेंच ही जगातील सर्वोत्तम भाषा असावी. मी दाखवलेल्या आस्थेचा त्यांना बहुमान वाटत होता. माझ्या भाषेच्या तयारीने समिती प्रभावित झाली होती. तीव्र खेद होता. इतक्या फुलांखालून मूळ वाक्य शोधून काढावे लागले. 'आपला अर्ज आणि आपली मुलाखत यांत आम्हाला एकच व्यक्ती दिसली नाही.' पुढील वर्षी पुन्हा अर्ज करण्यास हरकत नव्हती.

मी ते दोनदा वाचले. खाली पहिल्या रांगेत मामा आणि मामी अचलपूरहून येऊन बसले होते. तेवढ्यात सूत्रसंचालकाने सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करावे अशी विनंती केली.

वर्गाबाहेर चार माणसांपुढे बोलण्याची मला धास्ती वाटते. मी उभी राहिले, माईक हातात धरला आणि आयुष्यात प्रथमच कोणाला काय वाटेल याचा विचार न करता बोलले. "मला प्रवेश मिळालेला नाही. त्यांचे पत्र आत्ताच आले. मी कापसाचा अभ्यास करणार नव्हते. मी फ्रान्सला जात नाही."

मग सूत्रसंचालकाने दुसरा माईक उचलला.

"पाहा मंडळी. एवढं मोठं यश, अन् बोलनं पाहा. यालेच म्हनते विनय. नाहीतर आजकालचे पोट्टे."

टाळ्या झाल्या. मी म्हणाले, "मी खरेच सांगते आहे." टाळ्या वाढल्या. प्रमुख पाहुण्यांनी डोळे पुसले आणि माईक माझ्या हातून सौजन्याने काढून घेतला. भाऊजींचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांना ऐकू आले होते. तरी टाळ्या त्यांनीही वाजवल्या. मंडळाच्या अध्यक्षाला दुसरे करता येण्यासारखे काही नव्हते.

जेवणात पाटवडीचा रस्सा आणि जिलेबी होती. ताई वाढता वाढता माझ्यापाशी आली, आणि हातातली परात टेबलावर ठेवून शेजारी बसली.

"खरंच नाई भेटलं?"

"खरेच."

"मंग एक सांग मले. कावून चालली होतीस तू?"

मी नेहमीप्रमाणे तिच्या उत्तराची वाट पाहू लागले. ते आले नाही. तिने पदराने कपाळ पुसले आणि माझ्याकडे पाहत बसली. मागून कोणी जिलेबी मागत होते, तिकडे तिने लक्ष दिले नाही.

"अठरा वर्षे मीच बोलते आहे वर्गात," मी म्हणाले. "मला काही येत नाही अशा ठिकाणी बसून, कोणी शिकवत असताना ऐकायचे आहे. आणि त्या दरीतले गवत शेवटी कोणाचे ठरले, ते त्यांच्याच कागदांत वाचून पाहायचे आहे. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. कोणालाच नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी आमी भर मे महिन्यात कूलर बंद करून बसलो व?" ताई म्हणाली, आणि परात उचलून पुढच्या पंगतीकडे गेली. ती रागावली होती की नाही हे मला अजून समजलेले नाही.

पुन्हा अमरावती

मी परत आल्याला आता बरेच महिने झाले. पत्राची गोष्ट मी कोणापासून लपवलेली नाही, तरी लोक मला तिकडची थंडी कशी होती असे विचारतात. एका मंडळाने 'फ्रान्समधील माझे दिवस' या विषयावर व्याख्यानाचे निमंत्रण दिले. मी गेलेच नाही असे कळवले, तेव्हा त्यांनी विषय बदलून 'फ्रान्समधून मी काय शिकले' असा केला. ज्यांना उत्तर ठाऊक असते त्यांना माहिती देता येत नाही, हा माझ्या प्रवासाचा एकमेव निष्कर्ष आहे आणि तो मला घरी बसूनही काढता आला असता.

या वर्षी मी पुन्हा अर्ज केला आहे. गल्लीतली तार जोडलेली आहे. मुलाखत पुढच्या आठवड्यात, माझ्या घरी, आतून कडी लावून होईल. बहुधा त्याच बाई असतील, स्वेटर घातलेल्या, आणि त्या तोच प्रश्न विचारून थांबतील. ताईला सांगितले तेच त्यांना सांगावे असे मी ठरवले आहे. त्यात विकास नाही, वऱ्हाड नाही, कोणाचे भले नाही. सल्लागाराच्या मते असे साधे कारण सांगितले की ते लोक नाही म्हणतात. त्याच्याविषयी माझे मत काहीही असले तरी या धंद्यातले त्याला माझ्यापेक्षा अधिक कळत असेल, ही भीती जात नाही. म्हणून ज्यांना यात कसलाही स्वार्थ नाही अशा तुम्हालाच विचारते: त्या बाईंच्या जागी तुम्ही असता, तर एवढ्या कारणावर मला वर्गात घेतले असते का?